दळण ठेवून जा

आमच्या गिरणीवर दळण ठेवून कोणी जात नाही. डबा काट्यावर चढला की त्याच्याजवळ उभं राहायचं, धान्य वरच्या पेटीत पडेपर्यंत नजर हलवायची नाही, आणि खाली पिठाच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीवर हात ठेवून बसायचं, ही इथली रीत. मी दिवसभर एकच बोलते, "ठेवून जाय बाई, तुह्यं काम करून ये. कोनी खात नाई तुह्यं पीठ." बाई हसते आणि तिथंच बसते. तिच्या आधी कोणाची ज्वारी दळली, तिचा भुगा हिच्या गव्हात आला का, पीठ एवढं गरम का लागतं, डबा येताना भरलेला होता तो जाताना बोटभर खाली कसा, एकेक प्रश्न विचारते. मी आधी चिडायचे. मग मलाही तीच सवय लागली. घरात एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होते, तसा लोकांचा संशय मला लागला.

सासऱ्यानं टाकलेली ही गिरणी. तो गेला तेव्हा नवऱ्यानं चालवायला पाहिजे होती, पण त्याला पिठानं शिंका यायच्या. त्यानं पिकअप घेतली, गावाचं सोयाबीन रिसोडच्या मार्केटात नेऊन टाकायला लागला, आणि गिरणी माझ्या गळ्यात पडली. मोटर सरकवून पट्टा ताणायचा, गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी मारायची, हे सगळं मी शिकले. पोरगी माझ्या मागं मागं फिरायची. तिच्या हातात भातुकली कमी आणि पाना जास्त, असं तिचं लहानपण गेलं. मी काही हौसेनं शिकवलं नाही. एक हात कमी पडायचा, तिचा होता, म्हणून घेतला.

ती अकरावीला रिसोडला जायला लागली. एक दिवस एसटीतून उतरली ती थेट गिरणीत. तोंडावर ऊन आणि डोळ्यांत काहीतरी लपवलेलं. मला कळलंच.

"आई, कॉलेजात नागपूरवरून लोक आले होते. इंजिनिअरिंगवाले. पोरींसाठी शिबिर घेऊन राह्यले."

"कायचं शिबिर?"

"गाडीचं. शर्यतीच्या गाडीचं. लहान असते, चार चाकाची. वर टप नाई, दार नाई, जमिनीले टेकून चालते. आपुनच जोडाची आन् आपुनच पळवाची."

"किती घेते?"

"काईच नाई. फुकट आहे."

फुकट म्हटलं की माझं डोकं उठतं. गावात फुकट बल्ब वाटणारे येऊन गेले, फुकट डोळे तपासणारे येऊन गेले, आणि प्रत्येकानं जाताना काही ना काही नेलंच. मी मोटर बंद केली. मोटर बंद झाली की आमच्या घरात सगळ्यांना समजतं, आता हिचं सुरू होणार.

"पोरींसाठीच काहून? पोट्टे मेले काय?"

"पोट्ट्यायले कोन अडवते?" ती म्हणाली. "ते तर गॅरेजवर जाऊन बसतात. मॅडम म्हने, पोरींले कोनी गाडीजवळ उभंच करत नाई, म्हनून फक्त पोरींसाठी."

"मॅडम म्हने! आज पाह्यली अन् आजच मॅडम म्हने!"

आणि खरी गोष्ट तिनं शेवटी सांगितली. या शिबिरातून दोघी निवडणार. त्या दोघींना सुट्टीत महिनाभर नागपूरच्या त्यांच्या कॉलेजात नेणार, तिथल्या पोरींसोबत खरी शर्यतीची गाडी बनवायला. बारावीनंतर तिथं यायचं असेल तर रस्ता माहीत होतो म्हणे. हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला. ती एवढी चपळ पोरगी, पण मागायची वेळ आली की आवाज गिळते. मला तेव्हाच कळलं की हे तिला फार पाहिजे आहे, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. ज्याला जे फार पाहिजे, त्यातच त्याला फसवतात.

नवऱ्याला सांगितलं. तो भाकर मोडता मोडता म्हणाला, "जाऊ दे ना मंग."

बस्स. एवढंच. या माणसानं आजवर कोणत्या गोष्टीला एका दमात हो म्हटलं नव्हतं. नवीन चपला घ्यायच्या तरी चार वेळा विचार करतो. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग मला सकाळची गोष्ट आठवली. पिकअपमधून पोतं काढायला चढले होते, तेव्हा सीट पार पुढं ओढलेली होती. आमच्या याच्या टांगा एवढ्या लांब की सीट मागं लोटूनही गुडघे स्टेअरिंगला लागतात. तो सीट पुढं कायले ओढीन?

"गाडी कोन चालवते?" मी विचारलं.

"कोनती गाडी?"

"तुह्या बापानं किती गाड्या ठेवल्या होत्या? पिकअप!"

पोरीनं मान खाली घातली. नवरा हसला. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या वावरात तो तिला चालवायला शिकवत होता, आणि माझ्यापासून लपवत होता. "लय चांगली चालवते वं," तो म्हणाला, "गिअर टाकलेला मालूमच पडत नाई." मी त्याला एवढं बोलले की शेजारीण भिंतीवरून डोकावली. राग गाडीचा नव्हता. दोघांनी मिळून माझ्या पाठीमागं काहीतरी केलं आणि ते मला सीटवरून ओळखावं लागलं, याचा होता.

शेवटी मी अट घातली. शिबिराला जायचं तर मीही येणार. रोज. एक गोष्ट जरी डोळ्याला खटकली तर त्याच घडीला पोरगी उचलून घरी.

"आई, कोनाचीच आई येत नाई," ती म्हणाली.

"मंग मी एकटीच."

सकाळचं दळण उरकायचं आणि जीपनं रिसोड गाठायचं, असं सुरू झालं. शिबिर गावाबाहेरच्या मैदानात होतं. तिथं दरवर्षी शंकरपट भरतो. बैलजोड्या धावून धावून जमीन दगडासारखी घट्ट झालेली. एका कडेला मंडप टाकला होता, त्यात सतरंज्या, अवजारांच्या पेट्या आणि सुट्या करून ठेवलेल्या गाड्या. मी कडुलिंबाखाली गोणपाट टाकून बसायचे. पोरगी माझ्याकडे पाठ करून बसायची. करू दे, म्हटलं. पाठ तर दिसते.

पहिल्या दिवशी पाहते तर काय, फोटोच फोटो. एकेका पोरीला हेल्मेट घालायचं, गाडीच्या सांगाड्यात बसवायचं, अंगठा वर करायला सांगायचं, आणि एक फोटोवाला गुडघ्यावर बसून टिपायचा. त्या सांगाड्याला इंजिनसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, आली का गोष्ट ध्यानात! पोरींचे फोटो घ्यायचे, कुठंतरी दाखवायचे, वाहवा घ्यायची आणि मंडप गुंडाळायचा. मी उठले, पदर खोचला आणि सरळ त्या मॅडमपाशी गेले.

मॅडम म्हणजे पंचवीस-सव्वीसची पोरगीच. मानेपर्यंत कापलेले केस, खिशाखिशाची पँट, नखांत काळं. मी तिला म्हटलं, "काय वं बाई, फोटोतच पळवतं का गाडी?"

ती गोंधळली. "नाही काकू, आज फक्त ओळख..."

"वळख झाली. माही पोरगी हेल्मेट घालून हासाले नाई आली. इंजिन कुठी आहे?"

मला वाटलं चिडेल. ती फोटोवाल्याकडे वळून म्हणाली, "दादा, पुरे आता." आणि दुपारी खरंच इंजिनं आली. मी जाऊन परत गोणपाटावर बसले. पण मनात म्हटलं, एवढ्या लवकर ऐकलं म्हणजे बाई हुशार आहे. हुशार माणसाची जास्त काळजी घ्यावी लागते.

तेव्हापासून ती मधल्या वेळात चहाचा कप घेऊन माझ्याजवळ येऊन बसायची, आणि मी तिला खोदून खोदून विचारायचे. लग्न झालं का? नाही. कोणी पाहिलेलं आहे का? ती हसायची. घरी कोण? आई-वडील. मग त्यांना सोडून उन्हातान्हात आमच्या पोरी गोळा करत फिरायला तुला काय मिळतं? पगार तर तिथं बसूनही मिळत असेल.

"काकू, मी शर्यतीच्या गाडीवर काम करते ते माझी आई अजून नातेवाइकांना सांगत नाही," ती म्हणाली. "बँकेत आहे म्हणते."

"काहून?"

"कोण करेल म्हणते अशा पोरीशी लग्न. म्हणून मला वाटतं, पोरी थोड्या जास्त झाल्या ना, तर ती खरं सांगेल."

हे ऐकून मला आत कुठंतरी लागलं. आणि लगेच दुसरा विचार आला की ही गोष्ट ती प्रत्येक आईला सांगत असेल. खरं बोलली की मला गुंडाळलं, ते मला आजही ठरवता आलं नाही.

पोरी हळूहळू गाड्या जोडायला लागल्या. माझ्या पोरीच्या गटात तीच सगळ्यांच्या पुढं. बाकीच्या पोरी नट हातात घेऊन बघत बसायच्या आणि हिचा पाना फिरून मोकळा व्हायचा. इंजिन बसवताना ती कान लावून ऐकायची, अगदी मी मोटरला लावते तसा. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं आणि तिनं ओरडून उडीच मारली, तेव्हा माझी छाती भरून आली. खोटं कशाला बोलू, डोळे पुसले मी. मग इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही ना.

दुसऱ्या गटात शिरपूरची एक पोरगी होती. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, बोलणं कमी. तिच्या अब्बाचं टायर-पंक्चरचं दुकान. तिचाही हात असा चालायचा की मला तिच्याकडे पाहावंच लागायचं. मॅडम तिच्याजवळ जरा जास्त वेळ थांबते, असं मला वाटायला लागलं. चहा पिताना तिच्याशी हसते. एकदा तर तिच्या गाडीखाली दोघी सोबत झोपून काहीतरी पाहत होत्या. माझ्या पोरीच्या गाडीखाली मॅडम कधी झोपली नव्हती. मी घरी येताना जीपमध्ये पोरीला म्हटलं, "त्या पोरीचं नाव आधीच लिहून ठेवलं वाटते."

"आई, तिच्या गाडीचं ब्रेक अडकत होतं म्हनून मॅडम गेल्या."

"आपलं काहून नाई अडकत?"

"म्या नीट लावलं म्हनून!" ती चिडली. "तुले चांगलं झालं तरी संशय, वाईट झालं तरी संशय!"

जीपमधले लोक हसले. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

शेवटच्या दिवशी गाड्या पळायच्या होत्या. प्रत्येक गटातली एक पोरगी, एकामागून एक, चुन्यानं आखलेल्या वाटेवर चकरा मारणार, आणि मॅडम घड्याळ लावणार. माझ्या पोरीच्या गटानं तिलाच बसवायचं ठरवलं होतं. सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. दुपारी सगळ्या मंडपात जेवायला बसल्या. गाड्या उन्हात रांगेत उभ्या. जवळ कोणी नाही. मी विचार केला, पटाच्या दिवशी बैलवाला जोडी सोडून जेवायला जातो का? आणि उठून गाडीपाशी गेले.

चाकं पाहिली. हलवून पाहिली. मग चेनीवर नजर गेली. चेन ढिली. अशी ढिली की बोटानं दाबली तर खाली जाते. आमच्या गिरणीत पट्टा एवढा ढिला असता तर दगड फिरलाच नसता, नुसता पट्टा घसरून जळका वास सुटला असता. सकाळी पोरीनं एवढं तपासलं होतं, तिच्या हातून असं होणं शक्य नाही. म्हणजे कोणीतरी केलं. शिरपूरच्या पोरीच्या गाडीची चेन पाहायला गेले तर त्या गाडीवर चादर झाकलेली. चादर कायले? काय लपवायचं होतं? आता तर मला काहीच शंका राहिली नाही. पोरीला हरवायचं आहे, सरळ हरवता येत नाही, म्हणून चेन ढिली करून ठेवली.

पेटीतून पाना काढला. गिरणीच्या मोटरला असतात तसेच नट होते, इंजिनाच्या बुडाशी. ते सोडले, गुडघा लावून इंजिन मागं लोटलं आणि चेन ताठ झाल्यावर आवळून टाकले. नव्या खाटेच्या नवारीसारखी ताणली. बोट आत जाईना. मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, आता करा काय करायचं ते.

जेवणं झाली. पोरगी आली, हेल्मेट काखेत. बसायच्या आधी खाली वाकली आणि चेनीवर बोट दाबलं. तिथंच थांबली.

"हिले कोनं हात लावला?" ती ओरडली. गटातल्या पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. मॅडम धावत आली.

"म्या," मी म्हटलं. पाना अजून माझ्या हातातच होता. "काहून? ढिली करून ठेवली होती कोनंतरी. मी नसती तर तू पडली असती मागं."

पोरीचा चेहरा असा झाला की मला तो आजही आठवतो. रडावं की ओरडावं हे तिलाच कळेना.

"आई, ढिली म्याच ठेवली होती."

"तुवा?"

"मंग कोनं? पट्टा आन् चेन एक नसते आई! पट्टा ढिला झाला का घसरते. चेन ताठ केली का तुटते. गाडी आपटली, चाक वरखाली झालं का चेनीले जागा लागते. म्या सकाळी बोटानं दाबून दाबून तेवढी जागा ठेवली होती. अशीच पळवली असती तर चकरीत तुटून मले लागली असती!"

मॅडमनं चेन पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही काकू म्हणणार नाही. ती पोरीला म्हणाली, "तुमची पाळी येईपर्यंत नीट झाली आणि मी तपासली, तरच बसायचं. नाही झाली तर तुमचा गट थांबेल. अशा चेनीवर मी कोणाला बसवणार नाही." आणि रांगेकडे निघून गेली. तिकडे पहिली गाडी सुरूही झाली होती.

मी खाली बसायला गेले. "थांब, मी इंजिन धरून ठेवीन, तू नट सोड."

"नको. तू जाय."

"अवं, एकटीच्यानं..."

"आई, जाय इथून." तिचे डोळे भरले होते, पण आवाज बारीक नव्हता. काही मागताना तिचा आवाज बारीक नव्हता, असं पहिल्यांदाच झालं. "तू गिरनीवर दिवसभर लोकायले काय म्हनतं? ठेवून जाय म्हनतं ना? मंग मले ठेवून जाय. मले बी कोनी खात नाई."

तिनं हात पुढं केला. मी पाना तिच्या हातात दिला आणि मैदानाबाहेर चालायला लागले. गोणपाट तिथंच राहिलं.

एवढी चिडले होते मी! जीपमध्ये जाऊन बसले आणि ती भरायची वाट पाहू लागले. मागून इंजिनांचा आवाज येत होता. कोणती गाडी कोणाची ते कळत नव्हतं. एकदा वाटलं उतरून परत जावं, झाडाआड उभं राहून पाहावं, तिला कळणारही नाही. मग वाटलं, पिकअपच्या सीटवरून मी त्यांना पकडलं, तशी ती मला पकडेल. जीप निघाली. सगळ्या रस्त्यानं माझ्या डोक्यात एकच. चेन तुटली तर कुठं लागते? पायाला, की वर उडून मानेला? हे असलं मी आधी का नाही विचारलं त्या मॅडमला? लग्न झालं का विचारत बसले.

गिरणीच्या पायरीवर आमची म्हातारी बसली होती. आमची म्हणजे नात्यातली नाही. गल्लीच्या टोकाला राहते आणि सगळ्या गावात तिच्याएवढं संशयी गिऱ्हाईक मला नाही. ती स्वतःचा डबा स्वतः उचलते, काट्यावरचा आकडा स्वतः वाचते, आणि पीठ पडेपर्यंत बाहीवरचा हात काढत नाही. आजवर कधी दळण ठेवून गेली नाही.

"कुठी गेली होती वं? केवाची बसली मी."

"पोरीकडं."

मी मोटर लावली. ज्वारी ओतली. म्हातारीनं बाहीवर हात ठेवला. पट्टा गरगर फिरत होता आणि मी त्याच्याकडेच पाहत होते. ताठ, एकसारखा. इतकी वर्षं मी तेवढंच ओळखत आले, ताठ असलं की बरं.

दिवस मावळता मावळता, म्हातारीचा दुसरा डबा दळत होता तेव्हा पोरगी आली. ओढणीला ग्रीस, गालावर धुळीचा पट्टा, गोणपाट घडी करून काखेत. मी उठले नाही.

"पळवली?"

"पळवली."

"चेन?"

"काई नाई झालं."

मी श्वास सोडला. "कितवी आली?"

"दुसरी."

"पह्यली कोन?" मला माहीतच होतं.

"शिरपूरची."

"म्या म्हटलंच होतं! तिची चेन पाह्यली होती का तू? चादर झाकून ठेवली होती वं तिनं!"

पोरगी माझ्याकडे पाहून हसायला लागली. हसता हसता पायरीवरच बसली. "सीट तापू नये म्हनून झाकली होती आई. आन् तिची चेन म्याच लावून देली काल. तिले जमत नव्हती."

"आन् तुवा आपल्या हातानं तिले जितवलं?"

"मंग काय? तिनं मले वळनावर ब्रेक कवा दाबाचा ते सांगतलं, तवा तर दुसरी आली."

म्हातारी बाहीवरचा हात न काढता सगळं ऐकत होती.

दोघींची निवड झाली. मॅडमचा फोन आला, तेव्हा मी तिला खोलीत कोण कोण झोपणार, दाराला आतून कडी आहे का, गेटाची किल्ली कोणाकडे, जेवण कोण करतं, हे सगळं विचारलं. एकेक सांगितलं तिनं. चेन तुटली तर कुठं लागते, तेही विचारलं. ती म्हणाली, "काकू, चेनीवर लोखंडी झाकण असतं. ते शेवटी बसवतात. तुमच्या मुलीनं ते बसवून घेतलं होतं." मी म्हटलं, "मले नाई दिसलं." ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर बसवलं."

जायच्या दिवशी वाशिमच्या स्टँडवर गेलो. नवऱ्यानं पिकअपनं सोडलं. पोरीची बॅग एका हातात आणि माझी पिशवी दुसऱ्या हातात. हो, मी माझीही पिशवी भरली होती. दोन लुगडी, दंतमंजन, लाडू. कोणाला सांगितलं नव्हतं. मनात ठरवलं होतं, नागपूरला जाऊन एकदा जागा पाहून यावी, बसायला जमलं तर बसावं. पोरीनं ती पिशवी पाहिली. नवऱ्यानंही पाहिली. शिरपूरची पोरगी तिच्या अब्बाबरोबर उभी होती. तो माणूस मॅडमला काहीतरी एकसारखा विचारत होता, आणि मॅडम मान हलवत होती. मला तो लगेच आवडला.

नागपूरची गाडी लागली. पोरी चढल्या, मॅडम चढली. मी पोरीची बॅग वर दिली. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढता का? दार लावतो."

पोरगी खिडकीत आली होती. ती नको म्हणाली नाही, ये पण म्हणाली नाही. नुसती पाहत होती. मैदानात हात पुढं केला तेव्हा पाहिलं होतं, तशी.

"नाई," मी म्हटलं. पिशवीतला लाडवांचा डबा काढून खिडकीतून आत दिला. गाडी गेली. नवरा म्हणाला, "चाल," आणि माझी पिशवी त्याच्या हातात घेतली.

गिरणीवर आले तर म्हातारी बसलेलीच. मी डबा तोलला, मोटर लावली. तिनं नेहमीसारखा बाहीवर हात ठेवला आणि आवाजाच्या वरून विचारलं, "पोट्टी गेली?"

"गेली."

"तू काहून नाई गेली संगं?"

"ठेवून आली."

म्हातारीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात मात्र बाहीवरच होता. "येवढी पोर! कोनाच्या भरोशावर ठेवून आली वं?"

मी मॅडमचं नाव घेणार होते, पण तोंडाला येईना. नागपूरचं कॉलेज, तेही येईना. त्या कोणावरच माझा भरोसा बसला नव्हता, अजूनही बसलेला नाही.

"तिच्याच," मी म्हटलं.